मशीनचा विटाळ

चवथ जवळ आली की माझ्या मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. सुरकुतलेले हात, त्या हातांत चिंचेच्या कोळाने माखलेली पितळेची समई, अर्धी काळी आणि अर्धी लखलखीत. खाली एखादी ओळ असते, की या हातांची सर कुठल्याही मशीनला यायची नाही. पाठवणारे बहुतेक पुरुष. त्यांतल्या निम्म्यांचा समईशी संबंध वात पेटवून नमस्कार करण्यापुरता. मग अंगठे येतात, जोडलेले हात येतात, आणि शेवटी कोणीतरी 'हीच आपली संस्कृती' असे लिहून मोकळा होतो.

मंडळी, मला या फोटोचा राग येतो. समईचा नाही, आणि त्या हातांचा तर नाहीच नाही. राग येतो तो त्या ओळीचा. घासणारे हात पवित्र ठरवायचे, म्हणजे ते घासतच राहतील. मशीनला आत्मा नाही असे एकदा म्हटले, की मशीन घरात आणायचा प्रश्नच उरत नाही. आणि ज्यांना हा आत्मा दिसतो त्यांच्या नखांत कधी राख गेलेली नसते!

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला भांडायचे आहे त्याला शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. धातू घासून उजळण्याचे काम मशीनने करावे. ते मशीन घरात असावे. आणि आजवर जिने हाताने घासले तिच्या मालकीचे असावे. या तीन वाक्यांतले तिसरे सर्वांत महत्त्वाचे, पण तिथे सावकाश येऊ.

बी.ए.ला मराठी घेतलेला, दिवसभर सरकारी कचेरीत फायलींवर शेरे मारणारा माणूस मशीनवर का लिहितो आहे, असे काहींना वाटेल. कारण असे, की आमच्यासारख्या साहित्यवाल्या मंडळींनीच या विषयावर भावनेचा इतका मुलामा चढवला आहे, की खालचा धातू कोणता ते दिसेनासे झाले आहे. मुलामा ज्यांनी चढवला त्यांनीच तो खरवडावा हे बरे.

आता मशीन म्हणजे काय ते. जाड प्लॅस्टिकचे किंवा आतून रबराचे अस्तर दिलेले एक गोल भांडे, स्प्रिंगांवर बसवलेले. खाली मोटर. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जास्त वजन लावलेले असते, त्यामुळे ती फिरायला लागली की वरचे भांडे थरथरू लागते. भांड्यात उजळायच्या वस्तू घालायच्या आणि त्यांच्या साधारण तिप्पट घासणारा माल घालायचा. तो माल कामाप्रमाणे बदलतो. चिनी मातीचे त्रिकोणी खडे, प्लॅस्टिकचे शंकू, पोलादाच्या छोट्या गोळ्या, भरडलेली अक्रोडाची कवची, दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा. ओल्या कामात थोडे पाणी आणि साबणासारखे द्रावण. थरथरीने हा सगळा ऐवज भांड्यात पीळ घातल्यासारखा गोल फिरत राहतो, वस्तू आणि खडे एकमेकांना घासत राहतात, आणि काही तासांनी वस्तू उजळून बाहेर येतात. कारखान्यांत याला सर्रास व्हायब्रेटर म्हणतात. त्याच्या आधीपासून असलेला फिरता ड्रम वेगळा. त्यात माल वर जाऊन खाली कोसळतो. थरथरणारे भांडे १९५० च्या दशकात कारखान्यांत रुळू लागले. नाजूक वस्तूंना ते जास्त मानवते, कारण त्यात आपटाआपटी कमी.

यात जादू काही नाही. आपल्या परसदारी जे चालायचे तेच यात चालते. चिंच, बिमली किंवा सोलांतले आम्ल तांब्यापितळेवरचा काळाहिरवा थर सुटा करते, राख किंवा विटेची भुकटी तो घासून काढते, आणि हात दाब देतो. (आमचा 'गोबर' शब्द ऐकून माझ्या सासुरवाडीची माणसे हसतात. त्यांच्या लेखी गोबर म्हणजे शेण, आमच्या लेखी राख!) मशीनमध्ये आम्लाचे काम द्रावण करते, राखेचे काम खडे करतात आणि हाताचे काम मोटर करते. बदलले ते एवढेच, की हात सुटले.

सासुरवाडीचा विषय निघालाच आहे तर तिकडचेच सांगतो. ती निपाणीकडची. त्या मुलुखातून हायवेने जाताना आपल्याला तंबाखू, ऊस आणि हॉटेले दिसतात. आत वळले की चांदी लागते. हुपरी महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. तिला चंदेरी नगरी म्हणतात ते उगाच नाही. पैंजण, वाळे, तोरड्या, घुंगरू तिथे घरोघर तयार होतात. पण चांदीला सीमावाद माहीत नाही. निपाणी तालुक्यातल्या मांगूरसारख्या कर्नाटकातल्या गावांतूनही हेच काम चालते. चांदी आटवणे, पट्टी काढणे, तार ओढणे, कड्या जोडणे, झाळकाम, घुंगरू लावणे आणि शेवटी उजाळा, अशी एकेका घरात एकेक पायरी. व्यापारी चांदी वजन करून देतो, माल वजन करून घेतो, आणि जी घट येईल तिचा हिशेब ठेवतो. बरीचशी कामे घरातल्या बायका करतात. स्वयंपाक, जनावरे आणि पोरे सांभाळून.

उजाळ्याचे काम कसे असते? झाळताना चांदी काळी पडते. ती सौम्य आम्लात टाकून पांढरी करायची. मग रिठ्याच्या फेसाळ पाण्यात पितळी तारेच्या ब्रशने एकेक पैंजण, एकेक कडी घासायची. कुठे बफची मोटर असते. तिच्यावर कापडी चाक फिरते, त्याला झिलईची वडी लावायची आणि दागिना दाबून धरायचा. पहिल्या प्रकारात हात जातात, दुसऱ्यात छाती जाते. रिठ्याच्या आणि आम्लाच्या पाण्यात तासन् तास राहिलेली बोटे कशी होतात ते ज्याला पाहायचे असेल त्याने एकदा जाऊन पाहावे. तिथल्या एका नात्यातल्या वहिनींना मी विचारले, की हाताला त्रास होतो का? त्या म्हणाल्या, "हाताचं काय सांगायचं दाजी, सकाळी चटणी कालवताना कळतंय." एवढेच. पुढे त्यांनी चहा आणला.

आता मला सांगा, त्या हातांचा फोटो काढून त्याखाली काय लिहायचे?

बफच्या चाकावरून जी धूळ उडते तिच्यात चांदी असते, कापडाचे तंतू असतात, वडीतली भुकटी असते. काही प्रकारच्या वड्यांत सिलिकाही असते. चांदीचा बारीक अंश वर्षानुवर्षे शरीरात जात राहिला तर कातडीवर निळसर करडी छटा येते. वैद्यकात त्याला आर्जिरिया म्हणतात आणि एकदा आलेली ती छटा सहसा जात नाही. सिलिकाची धूळ तर फुप्फुसेच निकामी करते. गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी घासण्याचे काम असेच घरोघर चालत आले, आणि तिथला सिलिकोसिस हा आता वैद्यकीय अभ्यासाचा प्रसिद्ध विषय आहे. तिथली कारागिरी जगप्रसिद्ध, मणी म्युझियममध्ये, आणि घासणारा खोकतो आहे.

निपाणीला तर धूळ नवीन नाही. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांनी ती पिढ्यान् पिढ्या नाकातोंडात घेतली. १९८० च्या आगेमागे त्या संघटित होऊन उभ्या राहिल्या. दीपा धनराज यांच्या युगांतर गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. त्याच सुमारास, १९८१ साली, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीच्या हायवेवर बसले होते. शेतकऱ्यांना भाव हवा होता. बायकांना मजुरी हवी होती आणि माणसासारखी वागणूक हवी होती. तंबाखू कुटणारे आमचे हात पवित्र आहेत म्हणून आम्हाला कुटू द्या, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. हे पावित्र्य नेहमी बाहेरून येते.

आता विरोधकांचे मुद्दे एकेक करून घेतो. मी ते मनाने रचलेले नाहीत. लग्नकार्यात, व्याख्यानमालेच्या चहापानात आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे.

पहिला मुद्दा : हाताच्या कामाची सर मशीनला येत नाही. कुठल्या कामाची? पैंजणाची नक्षी, कडीची गुंफण, झाळण्याचा अंदाज, घुंगराचा नाद यांत कारागिरी आहे आणि ती हाताचीच आहे. काळेपणा काढण्यात कारागिरी कमी आणि कष्ट जास्त. दोन्हींना एकाच तराजूत घालणे म्हणजे लेखकाचे लिहिणे आणि लेखकाच्या टेबलावरची धूळ पुसणे एकच मानणे. शिवाय एक गंमत सांगतो. चांदीच्या कामात मशीन हातापेक्षा चांदीची राखण जास्त करते. भांड्यात गुळगुळीत पोलादी गोळ्या आणि रिठ्याचे पाणी असेल तर त्या गोळ्या चांदी खरवडत नाहीत, तिचा पृष्ठभाग दाबून दाबून सपाट करतात आणि त्यामुळे ती चमकते. घट जवळजवळ होतच नाही. बफच्या चाकावर मात्र चांदी झिजते, धुळीबरोबर उडते, आणि ती घट कोणाच्या तरी मजुरीतून वळती होते. सोनाराच्या दुकानातली माती धुऊन त्यातली चांदी-सोने काढणारे झारेकरी उगाच का पोट भरत आले?

बेळगावच्या उद्यमबागेत जाऊन हा पहिला मुद्दा सांगून पाहा. (२०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, आपल्या तोंडात बेळगाव.) तिथे फाउंड्र्या आहेत, लेथची वर्कशॉप आहेत, हायड्रॉलिक व्हाल्व बनवणारे कारखाने आहेत. भोक पाडले, कापले, की धातूच्या कडेला बारीक काटेरी पापुद्रा उरतो. कामगार त्याला बर म्हणतात. व्हाल्वमध्ये असा एक कण सुटला तर आतला दांडा अडकतो आणि शंभर टनांचा प्रेस जागेवर उभा राहतो. हा बर कानशीने एकेक करून काढायचा, की शंभर नग भांड्यात टाकून एकदम काढायचे? पुढे हत्तरगीला २००९ साली विमानांच्या सुट्या भागांसाठी एसईझेड सुरू झाला. विमानाच्या भागाची कड सगळीकडे सारखी मोडलेली असावी लागते, कारण धारदार कडेपासूनच चीर सुरू होते. तिथे कोणी 'हाताची सर' म्हणत नाही. ही कविता फक्त बाईच्या कामावर होते.

दुसरा मुद्दा : घासणे हा संस्कार आहे. मुलीला समई घासायला बसवले की तिला सबुरी येते, घराबद्दल आपुलकी येते, वगैरे. फार छान. मग मुलग्यांना या संस्काराची गरज नाही? आणि ज्या घरात मिक्सर आला तिथला रगड्याचा संस्कार गेला, वॉशिंग मशीन आले तिथला धोंड्यावर धुणे आपटण्याचा गेला, पंप आला तिथला विहिरीवर रहाट ओढण्याचा गेला. त्या वेळी कोणी शोक केल्याचे ऐकिवात नाही. उलट पंप आला तेव्हा घरच्या पुरुषांनी पेढे वाटले, कारण शेतीचे पाणी तेही ओढत होते. आमच्याकडे डिचोलीची पितळी समई प्रसिद्ध. ती घडवणाऱ्या कारागिराचे कौतुक मी कितीही ऐकून घ्यायला तयार आहे. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ती पंधरा दिवसांत काळी पडते, आणि पुन्हा पुन्हा घासणारी व्यक्ती कधीच कौतुकाच्या वाक्यात कर्ता म्हणून येत नाही.

तिसरा मुद्दा : गांधीजी. हा मुद्दा आला की सगळे गप्प होतात, म्हणून तो नेमका शेवटी काढला जातो. यंत्राने माणूस लाचार होतो, हस्तोद्योग टिकला पाहिजे. ठीक. गांधीजींचे अध्यक्षपद लाभलेले एकमेव काँग्रेस अधिवेशन बेळगावला झाले, डिसेंबर १९२४ मध्ये. त्याच्या थोडेच आधी, त्याच वर्षी, यंत्रांना सरसकट विरोध आहे का असे त्यांना विचारले गेले होते. त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. बायकोचे टाके घालण्याचे कंटाळवाणे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र शोधले, असा त्यांचा आशय होता. माझा आक्षेप यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे, आणि मोजक्या हातांत पैसा गोळा होण्याला आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. म्हणजे कसोटी दोन गोष्टींची. कोणाचे कष्ट वाचतात, आणि कमाई कोणाच्या हातात जाते. आता हुपरी-मांगूरकडच्या एखाद्या घराच्या सोप्यात ठेवलेले छोटे थरथरणारे भांडे या कसोटीला लावून पाहा. मला तरी ते शिवणयंत्राच्या शेजारी ठेवावेसे वाटते.

चौथा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. मशीन आले की मजुरी जाते. दहा बायका घासत होत्या तिथे एक भांडे थरथरते. मग त्या दहांनी करायचे काय?

इथेच माझे ते तिसरे वाक्य येते. मशीन कोणाच्या मालकीचे? व्यापाऱ्याच्या शेडमध्ये मोठे मशीन बसले तर उजाळ्याची पायरी घराबाहेर गेली आणि तिच्याबरोबर मजुरीही गेली. तेच काम छोट्या मशीनवर घरातच राहिले, तर मजुरी घरात राहते आणि बाईचा वेळ सुटतो. सुटलेल्या वेळात ती जोडकाम शिकेल, नक्षीकाम करील, नाहीतर दुपारी अर्धा तास आडवी होईल. तोही तिचा हक्कच आहे. मशीनला विरोध करून मशीन थांबत नाही. ते शेडमध्ये येतेच. विरोधाने फक्त एवढे होते, की ते घरात येत नाही. 'हाताचे काम टिकवा' म्हणणारी मंडळी नकळत शेडवाल्याचेच काम करतात. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते, म्हणून मी सांगतो.

घरात परवडते का? लहान भांड्याची मोटर पाव अश्वशक्तीच्या आसपास असते. चार तास चालवली तर साधारण एक युनिट वीज. साध्या सिंगल फेजवर चालते. अशा लहान मशीनची किंमत मोटारसायकलपेक्षा कमीच. घरात मोटारसायकल कर्जाने येते, मशीन का येत नाही? कारण मोटारसायकलवर कोण बसतो आणि घासायला कोण बसते!

सरकारी माणूस आहे म्हणून कागदाचेही सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय, त्यांत सोनारकाम आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, पाच टक्के व्याजाने. योजना वाईट म्हणत नाही. पण तिच्या नियमात एक ओळ आहे : एका कुटुंबातून एकच लाभार्थी. आता ज्या घरात नवरा झाळतो आणि बायको उजळते, तिथे नाव कोणाचे लागणार? मी वीस वर्षे अर्ज पाहतो आहे, मला विचारू नका. 'सोनार' या शब्दात ती बाई बसतच नाही. तिच्या कामाला स्वतंत्र नाव नाही, म्हणून अर्जात रकाना नाही, म्हणून अवजार नाही. फोटोखालच्या त्या ओळीने हा रकाना भरत नाही.

आणि आता मशीनवाल्यांनाही दोन गोष्टी सुनावतो, नाहीतर मी एजंट आहे असे वाटायचे. घरात आणले म्हणून दिसेल ते भांड्यात टाकायचे नसते. कल्हई केलेले भांडे टाकाल तर कल्हई उतरेल, आणि पुढची आमटी कळकेल. गिलिटाचा दागिना टाकाल तर गिलीट जाईल. मोती आणि खडे बसवलेले काही टाकू नये. जुनी शिवराई किंवा कुठलेही जुने नाणे तर चुकूनही नको. त्याच्यावरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे, तो त्याच्या वयाचा दाखला आणि संरक्षणही. तो गेला, अक्षरे बोथट झाली, की हातात उरतो तांब्याचा चकचकीत तुकडा. देवळातल्या जुन्या समया, प्रभावळी, लेख कोरलेली भांडी, पंचधातूच्या मूर्ती यांनाही हेच लागू. आमच्या गोव्यात देवस्थानांच्या जीर्णोद्धाराच्या उत्साहात हे सांगायची फार गरज आहे. जुन्या मूर्तीचे नाकडोळे बोथट करायला मशीनच लागते असे नाही, उत्साही भक्ताच्या हातातली काथ्याची घासणी आणि पावडरही ते काम करते. म्हणजे प्रश्न पुन्हा हात की मशीन हा नाहीच. काय घासायचे आणि काय सोडायचे हे कळण्याचा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. भांड्यातून निघणाऱ्या काळ्या पाण्यात धातू असतो, आम्ल असू शकते. ते परसातल्या विहिरीजवळ ओतायचे नाही. बादलीत रात्रभर निवू द्यावे, खाली बसलेला गाळ वेगळा ठेवावा. चांदीच्या कामात तर त्या गाळालाही किंमत आहे. कोरडा भरडा वापरला तर झाकण लावून चालवावे आणि चाळताना नाकाला फडके बांधावे, नाहीतर बफची धूळ गेली आणि मक्याची आली एवढाच फरक. आवाजही होतो. रात्री अकराला सुरू करून शेजाऱ्याची झोप उडवू नये. खाली रबराचा तुकडा ठेवावा.

हे दोन परिच्छेद मी मुद्दाम मराठीत सविस्तर लिहिले, कारण ही माहिती मराठीत सहज मिळत नाही. सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा इथे गावकरी स्वतःच्या हिमतीवर मराठी साहित्य संमेलने भरवतात. मला त्यांचा अतिशय आदर आहे. १९५६ पासून ज्या भाषेसाठी तिथल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, २००४ पासून जिचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, ती त्यांनी अशी जिवंत ठेवली. पण त्याच गावांतला मुलगा उद्यमबागेत मशीन चालवायला लागतो तेव्हा त्याला खडा किती, पाणी किती, वेळ किती हे सांगणारे मराठी पुस्तक कुठे आहे? तो ते कानडी सहकाऱ्याकडून ऐकतो, इंग्रजी तक्त्यावरून अंदाजाने वाचतो, आणि शिकतो. झिलई, ओप, उजाळा, झाळ, घट, बर असे शब्द त्याच्या तोंडात आहेत. ते आमच्या व्यासपीठावर येत नाहीत. तिथे परिसंवाद असतो 'मराठीचे भवितव्य' हा. गोव्यात आम्हीही याहून वेगळे काही करत नाही. मराठी-कोंकणी वाद घालताना आमचा आवाज चढतो, पण कांसाराच्या भट्टीवर कोणती भाषा बोलली जाते हे पाहायला डिचोलीपर्यंत जायला सवड नसते. कामाची भाषा गेली की उरलेली भाषा समारंभाची होते.

थोडक्यात काय, तर चकाकी आपल्याला हवी आहे. देवापुढे हवी, पायांत हवी, विमानात हवी. ती कोणाच्या तरी बोटांतून आणि छातीतून काढून घ्यायची, की मोटरकडून घ्यायची, एवढाच निवड करण्याचा भाग आहे. आणि मोटरकडून घ्यायची ठरली तर ती मोटर त्या बाईच्या नावावर असावी. बँकेत, अर्जात आणि घरात.

येत्या चवथीला तो फोटो पुन्हा येईल. तुम्हाला आला तर पाठवणाऱ्याला एकच विचारा, की तुमच्या घरची समई गेल्या वेळी कोणी घासली? उत्तर आले तर मला जरूर कळवा. चू.भू.द्या.घ्या.